काळ्या मातीतली सायकल

मराठवाड्यात सायकलच्या कॅरिअरवर सहसा काहीतरी लादलेले असते: दुधाची किटली, कडब्याच्या पेंढ्या, खताचे पोते, नाहीतर टंचाईच्या दिवसांत दोन्ही बाजूंना लटकवलेल्या घागरी. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. त्या उन्हाळ्यात टँकरपासून घरापर्यंत पाणी नेण्याचे काम बऱ्याच गल्ल्यांत सायकलीनेच केले. इथे सायकल पारखताना ती वजनाला किती हलकी हा प्रश्न मागून येतो. ओझे किती पेलते आणि मोडली तर दुरुस्त कुठे होते, हे आधी पाहतात. हौसेने सायकल चालवणाऱ्यालाही ही कसोटी चुकत नाही, कारण त्याच्या महागड्या सायकलीलाही रस्ता तोच, काटा तोच आणि दुकानही बहुधा तेच.

हदगाव हे नांदेड जिल्ह्याच्या उत्तर भागातले तालुक्याचे ठिकाण. उत्तरेला पैनगंगा, आणि नदी ओलांडली की यवतमाळ जिल्ह्यातले उमरखेड. तुळजापूरहून निघून लातूर, अहमदपूर, नांदेड, अर्धापूर करत पुढे यवतमाळ, वर्ध्यावरून नागपूरजवळच्या बुटीबोरीला पोहोचणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ हदगाववरून जातो. नांदेड साठ-सत्तर किलोमीटरवर. सरावाचा सायकलस्वार सकाळी निघून संध्याकाळी परत येऊ शकतो. रोजच्या सायकलचा संबंध मात्र या महामार्गाशी कमीच. तिच्या वाटा निराळ्या असतात: शेताकडे जाणारी पाणंद, वाडी-तांड्यावरून शाळेकडे येणारा उखडलेला डांबरी रस्ता, तामशासारख्या बाजाराच्या गावाला जोडणारा फाटा.

या भागातली जमीन बहुतेक काळी, कापूस-सोयाबीनची. ही माती ओली झाली की टायरला चिकटते, चाकाबरोबर फिरत मडगार्डाखाली साचते आणि थोड्याच अंतरावर चाक फिरायचे थांबते. मग पऱ्हाटीच्या काडीने चिखल उकरत, सायकल उचलत-ढकलत पुढे जायचे. पावसाळ्यात म्हणून कित्येक जण मडगार्ड काढूनच ठेवतात, किंवा सायकल डांबरी रस्त्याच्या कडेला लावून पुढे चिखल तुडवत पायी जातात. उन्हाळ्यात त्रास उलटा. पारा ४२-४३ अंशांवर गेला की उन्हात लावलेल्या सायकलच्या टायरला बाजूने भेगा पडतात, ट्यूबवरचे जुने ठिगळ मऊ पडून सुटते, आणि सकाळी टणक भरलेली हवा दुपारी आणखी टणक होते.

साधी काळी सायकल

या रस्त्यांवर जी सायकल सर्वांत जास्त टिकली ती काळी, दांडीच्या ब्रेकची आणि २८ इंची चाकांची. तिचा नकाशा इंग्रजांचा. ती बनवणारे मोठे कारखाने भारतात उभे राहिले ते स्वातंत्र्यानंतरच्या दहा वर्षांत: १९४९मध्ये मद्रासजवळ हर्क्युलिस बनवणारी टीआय सायकल्स, १९५१मध्ये सोनिपतला ॲटलास, १९५६मध्ये लुधियान्याला हिरो. मराठवाडा निजामाच्या राजवटीतून १७ सप्टेंबर १९४८ला सुटला, म्हणजे देशी सायकल आणि इथले नवे राज्य जवळपास एका वयाचे. सायकल तेव्हा विकत घेण्याआधी भाड्याने घ्यायची वस्तू होती. दुकानदार पाटीवर वेळ टिपून ठेवी, आणि पोरे तासाच्या बोलीवर आधी दांडीच्या खालून पाय घालून कैची, मग दांडीवरून, आणि पाय पुरू लागले की सीटवरून अशी शिकत. मोठ्या गावांत नगरपालिका सायकलवर कर घेई आणि पितळी बिल्ला देई; रात्री दिवा नसला किंवा डबल सीट दिसली की पोलीस हवा सोडत.

या सायकलची खरी ताकद तिच्या मापांत आहे. मागच्या चाकाला ४० स्पोक, पुढच्याला ३२. चेन अर्ध्या इंचाच्या कड्यांची. फ्रीव्हीलचे आटे, पायडलचे आटे, बेअरिंगचे छर्रे सगळ्या कारखान्यांचे एकाच मापाचे. हिरोच्या सायकलीला ॲटलासचे फ्रीव्हील बसते आणि दोन्हींना लुधियान्याच्या कुठल्याही छोट्या कारखान्याची कॉटर पिन चालते. ॲटलासने ३ जून २०२० रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनाला, साहिबाबादचा आपला शेवटचा कारखाना बंद केला. सायकल बनवणारी एवढी मोठी कंपनी थांबली तरी तिच्या जुन्या सायकली एकाही सुट्या भागासाठी अडल्या नाहीत. मोटारीच्या बाबतीत हे क्वचितच घडते.

वजन वीस किलोच्या पुढे, गियर एकच. पुढचे चक्र ४४ दाती आणि मागचे फ्रीव्हील १८ दाती असले, तर पायडलच्या एका फेरीत मागचे चाक सुमारे अडीच वेळा फिरते आणि सायकल साधारण ५.४ मीटर पुढे जाते. मिनिटाला पन्नास फेऱ्यांच्या आरामशीर चालीने हा वेग ताशी सोळा किलोमीटर पडतो. सपाट रस्त्यावर एकट्या माणसाला हे ठीक, पण मागे पोते आणि समोर चढ असला की गुडघे बोलू लागतात. यावरचा उपाय जुनाच आहे आणि आजही पुरेसा वापरला जात नाही: १८ऐवजी २० किंवा २२ दाती फ्रीव्हील बसवणे. एका फेरीचे अंतर ४.८ किंवा ४.४ मीटरवर येते, वेग थोडा घटतो, ओझे मात्र सुखाने निघते. ॲक्सल फटीत किंचित पुढे सरकवून किंवा चेनला कडी जोडून काम भागते. नवी गियरची सायकल घेण्याआधी हा किरकोळ खर्चाचा प्रयोग करून पाहावा.

गेल्या दोन दशकांत सायकलच्या स्वारांत सर्वांत मोठी भर पडली ती शाळकरी मुलींची. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी पैसे दिले जातात. सध्या ही रक्कम ५ हजार रुपये आहे. बिहारने २००६मध्ये अशीच योजना आणली होती. तिचा अभ्यास करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांना माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. सायकल मिळाली तरी तिची देखभाल कोणी करायची हा प्रश्न उरतो. पंक्चर झालेली सायकल आठवडाभर भिंतीला टेकून राहिली की मुलगी पुन्हा पायी किंवा एसटीने जाऊ लागते. सायकलबरोबर पंप आणि दोन पाने दिले, आणि शाळेत एक तास दुरुस्तीचा ठेवला, तर त्याच पैशांचे मोल वाढेल.

काटा आणि ठिगळ

हदगावच्या परिसरात पंक्चरची मुख्य कारणे तीन. पहिले सराटा. जमिनीवर पसरणारी, बारीक पिवळ्या फुलांची ही वनस्पती आयुर्वेदात गोखरू म्हणून मान पावते, पण तिचे फळ कसेही पडले तरी एक काटा वर राहील अशाच घडणीचे असते. ती जगभर पसरली आहे. अमेरिकेत आयडाहो राज्यातल्या बॉइसी शहरात तर २०१८पासून सायकलवाले ती उपटण्यासाठी चक्क उत्सव भरवतात. दुसरे कारण वेडी बाभूळ. कुंपणाला फास ओढून नेताना काटेरी फांद्या पाणंदीवर गळतात, आणि तिचा काटा इतका ताठ असतो की चपलेतूनही पायात शिरतो. तिसरे कारण महामार्गाचे: ट्रकच्या फुटलेल्या टायरांतून सुटलेल्या केसासारख्या पोलादी तारा. रस्त्याच्या कडेला, म्हणजे नेमकी सायकल चालते त्या पट्ट्यात, त्या विखुरलेल्या असतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत.

पंक्चर काढण्याची कृती सगळ्यांना ठाऊक असते, चुकते ती तपशिलात. टायरची एक बाजू पट्टीने रिमवरून उतरवायची. ती व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरू केली तर टायर सैल पडतो आणि ट्यूब चिमटत नाही. ट्यूब बाहेर काढून हवा भरायची आणि घमेल्यातल्या पाण्यात थोडी-थोडी बुडवत फिरवायची. बुडबुडा दिसला तिथे खूण करायची, पण तिथेच थांबायचे नाही, पूर्ण फेरी करायची, कारण सराट्याला दोन भोके पाडायची सवय असते. मग ट्यूब कोरडी करून भोकाभोवती कानशीने घासायची. चकाकी गेली पाहिजे आणि घासलेली जागा ठिगळापेक्षा मोठी हवी. त्यावर सोल्यूशनचा पातळ थर. आता येते ती पायरी जी घाईत गाळली जाते: थर बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबणे. ओल्या सोल्यूशनवर लावलेले ठिगळ त्या दिवशी धरते आणि पुढच्या उन्हात सुटते. ठिगळ दाबून, कडा ठोकून झाल्यावर टायरच्या आतून बोटे फिरवायची. बाभळीच्या काट्याचे टोक बहुतेकदा टायरमध्येच मोडलेले असते. ते चिमट्याने काढले नाही तर नवे ठिगळ संध्याकाळपर्यंतही टिकत नाही, आणि दोष मिस्त्रीच्या नावावर जातो.

ट्यूबच्या व्हॉल्व्हवर स्वतंत्रपणे लिहिण्याजोगे आहे, कारण गावात सायकल अडते ती पुष्कळदा इथे. साध्या सायकलच्या व्हॉल्व्हमध्ये पितळी नळीवर रबराची बारीक वॉल-ट्यूब चढवलेली असते. आतली हवा त्या रबराला दाबून धरते आणि परत येऊ शकत नाही. दोन-चार रुपयांची ही नळी उन्हाने कुजली की हवा हळूहळू जाते, आणि पंक्चर नसलेली ट्यूब दुकानात नाहक उघडली जाते. व्हॉल्व्हवर थुंकीचे बोट ठेवून बुडबुडा पाहिला की निदान होते. दुसरा प्रकार मोटारसायकलचा जाड व्हॉल्व्ह. तो नव्या गियरच्या सायकलींनाही असतो आणि पेट्रोल पंपावरच्या हवेवर चालतो. तिसरा, महागड्या सायकलींचा बारीक व्हॉल्व्ह. वरचा नट सैल करून मगच त्यात हवा जाते आणि गावातल्या पंपाचे तोंड त्याला बसत नाही. वीस-पंचवीस रुपयांचा पितळी ॲडॅप्टर कायम व्हॉल्व्हवरच चढवून ठेवला, की तीस हजारांची सायकल कुठल्याही पंक्चरच्या दुकानात चालते. सोबत ठेवायच्या सगळ्या वस्तूंमध्ये या ॲडॅप्टरचा मान पहिला.

काट्यांच्या भागात टायरच्या आत पट्टी घालण्याचा, जुन्या टायरची कड कापून ती अस्तरासारखी बसवण्याचा देशी उपाय चालतो आणि तो खराच उपयोगी आहे. चाक थोडे जड होते एवढेच. ट्यूबमध्ये ओतायचे सीलंटही मिळते. सराट्याच्या बारीक भोकाला ते पुरे पडते. मात्र सीलंट भरलेल्या ट्यूबवर पुढे ठिगळ नीट बसत नाही, हे दुकानदार विकताना सांगत नाही.

चेन, चाक, ब्रेक

चेन झिजते म्हणजे तिच्या पिना आणि कड्यांतली भोके झिजतात आणि ती लांब होते. हे मोजायला सुताराची पट्टी पुरते. एका पिनेच्या मध्यावर पट्टीचा शून्य धरला की नव्या चेनीत बाराव्या इंचावर पुन्हा पिनेचा मध्य येतो. ती पिन अर्धा सूत पुढे गेलेली दिसली की चेन बदलायची वेळ झाली. पूर्ण एक सूत होईपर्यंत थांबले तर तिने फ्रीव्हील आणि पुढच्या चक्राचे दातही खाल्लेले असतात; मग नवी चेन जुन्या दातांवरून घसरते आणि तिन्ही वस्तू एकदम घ्याव्या लागतात. एवढी साधी मोजणी फार थोडे लोक करतात.

चेन लवकर झिजण्याचे मोठे कारण तेल कमी पडणे हे असेल असे वाटते. प्रत्यक्षात चुकीचे तेल हे कारण जास्त आढळते. गॅरेजमधले जळके काळे ऑइल फुकट मिळते म्हणून चेनीवर ओतले जाते. त्यात धातूचा कीस असतो आणि वर धूळ चिकटून त्याची लुकण होते. चेन रॉकेलने धुवायची जुनी पद्धत होती. रॉकेल मिळेनासे झाले तसे डिझेल आले. धुऊन, पुसून, सुकवून प्रत्येक कडीवर शिलाई मशिनच्या जातीचे पातळ तेल एक थेंब, आणि अर्ध्या तासाने बाहेरचे सगळे पुसून टाकणे, एवढेच काम. तेल कडीच्या आत हवे असते, बाहेर दिसणारे तेल फक्त धूळ धरते.

चाकाचा आउट काढणे ही सायकल मिस्त्रीची खरी परीक्षा. सायकल उलटी करून चाक फिरवायचे आणि ब्रेकच्या गुटक्याजवळ खडू धरायचा. रिम जिथे डावीकडे झुकते तिथे उजव्या बाजूच्या स्पोकची निपल पाव फेरी आवळायची आणि डाव्या बाजूची तेवढीच सैल करायची. पाव फेरीपेक्षा जास्त एका वेळी नाही. अडाणी हात एकच स्पोक दोन-दोन फेऱ्या आवळतो. त्याने झोल जातो, पण रिमला उंचसखल येते, आणि ते काढायला दुप्पट वेळ लागतो. खड्ड्यात दणका बसून रिम दबली असेल तर स्पोकने ती सुधारत नाही. तारा बोटांनी छेडल्या की एका बाजूच्या सगळ्यांचा आवाज साधारण सारखा यायला हवा. जुने कारागीर चाक पाहण्याआधी ऐकतात ते याचसाठी.

पायडलजवळ प्रत्येक फेरीला ‘टक’ असा आवाज आला तर बहुतेकदा दोष क्रँकच्या कॉटर पिनेचा. ती ठोकून, नट आवळून भागते. झिजली असेल तर बदलायची, कारण सैल पिनेवर चालवलेला क्रँक स्वतःचे भोकच मोठे करतो. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे नवख्याला माहीत नसते आणि तो ते सोडवायला जाऊन आणखी आवळतो. चाकातले छर्रे वर्षातून एकदा, पावसाळा उलटल्यावर, धुऊन नव्या ग्रीसमध्ये बसवले की सायकलचे आयुष्य वाढते. कोन इतका आवळावा की चाकाला डग राहू नये आणि ते अडकतही नसावे. या दोन टोकांमधली जागा फार अरुंद असते.

दांडीचा ब्रेक रिमच्या आतल्या कडेवर रबर दाबतो. कोरड्या दिवसात तो चालतो. पावसात पोलादी, मुलामा दिलेल्या रिमवर पाण्याचा थर बसला की पकड निम्म्याहून कमी होते आणि थांबायला कितीतरी जास्त अंतर लागते. ॲल्युमिनियमच्या रिमवर हे नुकसान बरेच कमी असते. म्हणून पावसाळ्यात उतारावर ब्रेक आधीपासून हलका दाबत यावा, म्हणजे रिमवरचे पाणी पुसले जाते आणि ऐनवेळी रबर धरते.

नवी सायकल आणि तिचे सुटे भाग

२०२०च्या टाळेबंदीनंतर देशभर सायकलची मागणी एकदम वाढली आणि जिल्ह्याच्या गावांप्रमाणे तालुक्याच्या गावांतही गियरच्या सायकली दिसू लागल्या. डॉक्टर, शिक्षक, व्यापारी, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले असा हा वर्ग. २२ सप्टेंबर २०२५पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, त्यामुळे खरेदी थोडी सोपी झाली. दुरुस्ती मात्र अवघड झाली. काळ्या सायकलीचे सगळे भाग एका मापाचे होते. नव्या सायकलीत मागे किती चकत्या आहेत यावर चेनची रुंदी ठरते, क्रँकच्या बेअरिंगचे डझनभर प्रकार आहेत, आणि डिस्क ब्रेकचे पॅड एका कंपनीचे दुसऱ्याला बसत नाहीत.

यातला सर्वांत दगाबाज भाग म्हणजे हँगर. मागचा गियर बदलणारा डिरेलर फ्रेमला ज्या ॲल्युमिनियमच्या लहानशा तुकड्याने जोडलेला असतो तो हा. फ्रेम वाचावी म्हणून तो मुद्दाम कमकुवत बनवतात. सायकल उजव्या अंगावर पडली की तो वाकतो, गियर आपोआप उड्या मारू लागतात, आणि दुर्लक्ष केले तर एके दिवशी डिरेलर स्पोकमध्ये जातो. प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळ्या आकाराचा असल्याने तो तालुक्याच्याच काय, जिल्ह्याच्या दुकानातही मिळेल याची खात्री नसते. सायकल घेतानाच दोन जादा हँगर मागून घ्यावेत आणि सीटखालच्या पिशवीत ठेवावेत.

गियरची संख्या हा विक्रेत्याचा आवडता आकडा. तीन गुणिले सात म्हणजे एकवीस, पण त्यांतले कित्येक गियर एकमेकांच्या जवळपासच येतात. हदगाव-नांदेड पट्ट्यातल्या सौम्य चढ-उतारांना पुढे एक आणि मागे सात चकत्या पुरतात. सात-आठ चकत्यांची चेन सारखीच असते, स्वस्त असते आणि सहज मिळते. सात चकत्यांचे फ्रीव्हील तर पुष्कळदा जुन्याच आट्यांवर चढते. नऊ, दहा, अकरा असे पुढे जावे तशी चेन बारीक, महाग आणि दूरच्या शहरातून मागवायची होते. माहूरच्या घाटात वरचेवर जाणाऱ्याने जास्त गियर घ्यावेत; बाकीच्यांनी आठच्या पुढे जाऊ नये हे बरे.

स्वस्त सायकलींच्या पुढच्या काट्यात येणारा स्प्रिंगचा शॉकअप हा दुसरा मोह. किलो-दोन किलो वजन वाढते, प्रत्येक पायडलबरोबर पुढचा भाग दबून ताकद वाया जाते, आणि दोन पावसाळ्यांत तो गंजून बसतो. खड्ड्यांवर खरा उपाय रुंद टायर आणि त्यातली बेताची हवा.

खर्च कुठे करावा

सायकल सुधारण्यासाठी हाताशी ठरावीक पैसे असतील तर ते टायरवर आधी खर्च करावेत. माणूस ताशी पंधरा-सोळाच्या वेगाने जात असताना त्याची ताकद मुख्यतः टायरच्या घर्षणात आणि हवेच्या विरोधात जाते. सपाट रस्त्यावर सायकलचे वजन किलोभर कमी केल्याने पडणारा फरक जाणवतही नाही. काट्यांपासून संरक्षण देणारा, ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचा बऱ्यापैकी टायर मात्र पहिल्या दिवसापासून कळतो. शर्यतीच्या सायकलींचे जगही गेल्या काही वर्षांत २३ मिलिमीटरवरून २८-३०कडे सरकले आहे; खडबडीत रस्त्यावर अरुंद, टणक टायर उड्या मारतो आणि उड्यांत वेग जातो.

त्यानंतर ब्रेक. व्ही-ब्रेकचे चांगले गुटके आणि नवी केबल एवढ्याने जुनी सायकल सुरक्षित होते. डिस्क हवीच असेल तर केबलवर चालणारी घ्यावी. तेलावर चालणारी डिस्क पकडीला उत्तम, पण कुणाला खनिज तेल लागते तर कुणाला मोटारीच्या ब्रेकचे, आणि चुकीचे तेल भरले की आतली रबरी सीले फुगून पूर्ण ब्रेक जातो.

फुकटातली सुधारणा म्हणजे सीटची उंची. दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवायची सवय आपल्याकडे सार्वत्रिक आहे आणि गुडघेदुखीचे मोठे कारणही तेच. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवली आणि पायडल सर्वांत खाली असताना पाय सरळ झाला, की उंची बरोबर. चालवताना पंजा पायडलवर आला की गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो. पाय टेकवायला सीटवरून खाली उतरावे लागते. चार दिवसांत सवय होते.

दिव्यावर काटकसर करू नये. जुना डायनामो चाक जड करी आणि सायकल थांबली की विझे. आताचा चार्जिंगचा एलईडी दिवा स्वस्त आहे. पुढच्यापेक्षा मागचा लाल दिवा महत्त्वाचा, विशेषतः ऊस गाळपाच्या हंगामात. तेव्हा रस्त्यावर बिनदिव्याच्या ट्रॉल्या असतात आणि मागून येणाऱ्या ट्रकचालकाचे डोळे आधीच ताणलेले असतात.

लांबचा पल्ला

हौशी सायकलस्वारांची मजल आज कुठवर गेली आहे हे पाहायला हदगाववरून जाणाऱ्या महामार्गाच्या नागपूरकडच्या टोकापलीकडे फार जावे लागत नाही. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,९०० किलोमीटरची शर्यत बारा दिवसांच्या मुदतीत एकट्याने पूर्ण केली. त्याच वर्षी, त्यांच्या थोडे आधी, लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ती पूर्ण करून एकट्याने ती जिंकणाऱ्या नव्हे, तर एकट्याने पूर्ण करणाऱ्या पहिल्या भारतीयाचा मान मिळवला. त्याच्या दोन वर्षे आधी नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी तीच वाट जोडीने कापली होती. नाशिकचे सायकलस्वार आषाढीच्या सुमारास पंढरपूरची सायकल वारीही करतात.

सर्वसाधारण हौशी माणसासाठी ‘बीआरएम’ हा प्रकार आहे. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमांनी चालणाऱ्या या राइड शर्यती नसतात; ठरलेल्या मुदतीत अंतर कापायचे असते. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३००ला वीस, ४००ला सत्तावीस, ६००ला चाळीस. चारही एका वर्षात पूर्ण केले की ‘सुपर रँडोनिअर’ म्हणतात. या नियमांतला एक नियम इथल्या सायकलस्वाराला जवळचा वाटावा: ठरलेल्या थांब्यांखेरीज वाटेत बाहेरची मदत घ्यायची नाही. पंक्चर काढायचे, तुटलेली चेन जोडायची, वाकलेला हँगर बदलायचा, सगळे स्वतः. त्यामुळे शहरातल्या सर्व्हिस सेंटरवर विसंबलेल्या स्वारापेक्षा दोन ट्यूब, ठिगळ-सोल्यूशन, पंप, चेन तोडायचे अवजार आणि षटकोनी पाने घेऊन निघणारा स्वार मुदतीत पोहोचण्याची शक्यता जास्त. मराठवाड्यात अशी तयारी करायची तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी हाच काळ. मार्चनंतर सकाळी नऊच्या आत घरी परतणे शहाणपणाचे.

बॅटरी आणि कोळपे

जुन्या सायकलीला मोटर बसवण्याचे किट हा अलीकडचा प्रकार. मोटर २५० वॅटपर्यंत, वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल तर नोंदणी आणि परवाना लागत नाही. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवर बॅटरीत ३६० वॅट-अवर ऊर्जा असते. किलोमीटरला दहा-बारा वॅट-अवर धरले तर पल्ला तीसेक किलोमीटरचा. चाळिशी उलटलेल्या दूधवाल्याला हे फार उपयोगी ठरू शकते, अट एकच: किट बसवण्याआधी ब्रेक सुधारलेले हवेत, कारण दांडीचा ब्रेक या वेगासाठी बनलेला नाही. उन्हातून आलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नये. सावलीत थंड होऊ द्यावी, आणि मे महिन्यात रात्रीच चार्ज करावी.

सायकल पार मोडीत निघाली तरी तिचे काम संपत नाही. फ्रेम भंगारात जाते, पण चाक आणि हँडल लोहाराकडे. चाकाच्या मागे लोखंडी पास जोडली की सायकल कोळपे तयार होते. बैलजोडी ठेवणे न परवडणारा शेतकरी ते एकटा ढकलत दोन ओळींतले तण काढतो. सायकल नीट वंगण घालून ठेवलेली असेल तर हे चाक कोळप्यालाही वर्षानुवर्षे चालते. सोयाबीनला पहिली कोळपणी पेरणीनंतर १५ ते २० दिवसांनी आणि दुसरी ३० ते ३५ दिवसांनी करतात. पीक फुलावर आले की कोळपे घालत नाहीत.